युद्धातील मुलांची पाठवणी



‘पाठवणी’ हा आपल्या भाषेतला एक ओला शब्द आहे. लेक सासरी निघाली म्हणजे घरातली खंबीर माणसेदेखील खांबाआड तोंड लपवितात. परंतु त्या पाठवणीत ज्या घरी लेक जाते ते घर आपण पाहिलेले असते, तिथली माणसे माहितीची असतात, आणि सणावारी ती माहेरी येणार हेही ठरलेले असते. आज आम्ही ज्या पाठवणीविषयी बोलणार आहोत, तिच्यात यातले काहीच नव्हते. लेकरू पाच-सहा वर्षांचे, ठिकाण अज्ञात, घर अनोळखी, आणि परत कधी यायचे ते सांगणारे कोणी नाही. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडने आपल्या मोठ्या शहरांतील मुले अशा रीतीने खेड्यापाड्यांत धाडली. मुलांचा जीव वाचला की नाही, हा प्रश्न त्या वेळी सर्वांनी विचारला आणि तो विचारणे प्राप्तच होते. जीव वाचला, पण मुलाचे काय झाले, हा दुसरा प्रश्न विचारणारे थोडे होते. आज आम्हांला त्या दुसऱ्या प्रश्नाविषयी बोलावयाचे आहे.

ही योजना कोणा निष्ठुर माणसाच्या डोक्यातून निघाली नव्हती, हे आरंभीच सांगितले पाहिजे. तिच्यामागे भय होते, आणि ते भय खोटे नव्हते. १९३७ साली स्पेनमधील गेर्निका हे गाव विमानांनी बेचिराख केले होते. त्याच वर्षी ब्रिटनच्या संरक्षणाचा विचार करणाऱ्या तज्ज्ञांनी असा हिशेब मांडला की, युद्ध पेटताच साठ दिवस बाँबवर्षाव होईल आणि त्यात सहा लाख माणसे मरतील. हा अंदाज फार फुगलेला होता. संपूर्ण युद्धात ब्रिटनमध्ये बाँबहल्ल्यांनी मेलेल्या नागरिकांची संख्या ६० हजारांच्या आसपास भरते. पण राज्यकर्त्यांना पुढचे कसे दिसावे? १९३८ साली एक समिती नेमण्यात आली. तिचे अध्यक्ष सर जॉन अँडरसन हे बंगालच्या गव्हर्नरपदावरून नुकतेच परतलेले गृहस्थ होते. समितीने ठरविले की, मुले पाठविण्याची आईबापांवर सक्ती करू नये. मात्र खेड्यांतील ज्यांच्या घरी खोली मोकळी असेल त्यांच्यावर मुले ठेवून घेण्याची सक्ती करता यावी. हिशेब गाड्यांचा झाला, खोल्यांचा झाला, अंथरुणांचा झाला. मुलाच्या मनाचा हिशेब करण्याचे मात्र कोणाला सुचले नाही.

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मन सैन्य पोलंडमध्ये शिरले. ब्रिटनने युद्ध पुकारले ३ सप्टेंबरला. परंतु मुलांच्या गाड्या त्याआधीच, १ तारखेच्या सकाळपासून सुटू लागल्या होत्या. तीन-चार दिवसांत सुमारे पंधरा लाख माणसे हलविण्यात आली. त्यांत सव्वाआठ लाख शाळकरी मुले आपल्या आईबापांवाचून निघालेली होती. सुमारे सव्वापाच लाख संख्या अगदी लहान मुले आणि त्यांच्यासोबतच्या माता यांची होती. बरोबर एक लाखावर शिक्षक आणि मदतनीस होते. एवढी मोठी हालचाल इतक्या शिस्तीने पार पडली, हे त्या शिक्षकांचे श्रेय होय. अनेकांनी आपले घरदार मागे टाकून वर्गच्या वर्ग पाठीशी घेतले होते.

प्रत्येक मुलाच्या गळ्यात नावाची चिठ्ठी अडकविलेली होती, जशी आपण पार्सलाला अडकवितो. खांद्यावर पुठ्ठ्याच्या पेटीत विषारी वायूपासून रक्षण करणारा मुखवटा. पिशवीत बदलायचे कपडे, दात घासण्याचा ब्रश, कंगवा, रुमाल आणि दिवसभराची शिदोरी. आणि आणखी एक वस्तू होती, तिच्याकडे आम्ही आपले लक्ष मुद्दाम वेधतो. ती म्हणजे एक कोरे पोस्टकार्ड. गाडी कोठे चालली आहे हे स्टेशनावर उभ्या असलेल्या आईला ठाऊक नव्हते. मुलाने मुक्कामी पोचल्यावर त्या कार्डावर पत्ता लिहून धाडायचा, आणि मग आईला कळायचे की आपले मूल अमुक गावी, अमुक घरी आहे. सरकारने या मोहिमेला हॅमेलिनच्या बासरीवाल्याचे, ‘पाइड पायपर’ असे सांकेतिक नाव दिले होते. ती कथा आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. त्या कथेत बासरीमागून गेलेली मुले परत येत नाहीत. नाव देणाऱ्याच्या हे ध्यानी आले नसावे.

मुक्कामी पोचल्यावर काय होई? गावच्या सभागृहात नाहीतर शाळेत मुलांना भिंतीशी उभे करीत. गावकरी येत आणि आपल्याला हवे ते मूल निवडीत. शेतकऱ्याची नजर अंगापिंडाने धट्ट्याकट्ट्या मुलावर जाई; घरकामाला हात हवा असलेली बाई थोराड मुलगी बघे; गोऱ्या-गोमट्या, नीटनेटक्या मुलांना पहिली मागणी असे. धाकट्या भावाचा हात सोडू नकोस, असे आईने बजावून पाठविलेली बहीण ‘आम्हां दोघांना मिळून घ्या’ म्हणून अडून बसे. कधी तिचे ऐकले जाई, पुष्कळदा जात नसे. शेवटी मळक्या कपड्यांची, किडकिडीत अशी चार-दोन मुले उरत, आणि त्यांना घेऊन अधिकारी रात्री दारोदार फिरे. आपण कोणालाच नको आहोत, हे ज्या मुलाला त्या संध्याकाळी कळले, त्याने ते सत्तर वर्षांनंतरही विसरले नाही. त्या पिढीच्या आठवणी वाचणाऱ्याला हा प्रसंग पुनःपुन्हा भेटतो.

यजमानांवरही अन्याय करून चालणार नाही. एका मुलामागे आठवड्याला साडेदहा शिलिंग, आणि एकाहून अधिक मुले ठेवल्यास प्रत्येकी साडेआठ शिलिंग त्यांना मिळत. एवढ्यात खायलाप्यायला घालून सांभाळ करायचा. मुलांच्या डोक्यात उवा, अंगावर खरूज, अंगातल्या कपड्याखेरीज दुसरा कपडा नाही, आणि रात्री अंथरूण ओले. ‘शहरातल्या आया मुलांना वळणच लावीत नाहीत,’ अशी ओरड खेडोपाडी झाली. अंथरूण ओले होण्याचे कारण वळणात नसून भीतीत आहे, हे समजायला वेळ लागला. पण या ओरडीतून एक चांगली गोष्ट निघाली. लंडन आणि लिव्हरपूलच्या गल्ल्यांतील दारिद्र्य आजवर सुखवस्तू घरांनी पाहिलेच नव्हते. ते आता त्यांच्या स्वयंपाकघरात येऊन बसले. १९४३ साली ‘आवर टाउन्स’ नावाचा अहवाल प्रसिद्ध झाला, त्याने या दारिद्र्याचे चित्र लोकांपुढे मांडले. शाळेतले दूध आणि जेवण युद्धकाळात वाढले, १९४५ साली कुटुंबभत्त्याचा कायदा झाला. या सुधारणांना जे लोकमत लागते, ते तयार होण्यात या मुलांचाही वाटा होता, असे रिचर्ड टिटमस या समाजशास्त्रज्ञाने १९५० साली आपल्या ग्रंथात दाखवून दिले.

आता आया काय करीत होत्या ते पाहू. पहिले काही महिने बाँब पडलेच नाहीत. तेव्हा आया येऊन आपली मुले परत नेऊ लागल्या. जानेवारी १९४० पर्यंत गेलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसे घरी परतली होती. सरकारने भिंतीभिंतींवर चित्रे लावली. झाडाखाली आई आणि मुले बसली आहेत, आणि हिटलरचे भूत तिच्या कानाशी लागून ‘मुलांना परत ने’ असे कुजबुजते आहे, असे ते चित्र होते. आईची माया म्हणजे शत्रूची फितुरी, असाच त्याचा अर्थ झाला. ७ सप्टेंबर १९४० रोजी लंडनवर खरा बाँबवर्षाव सुरू झाला, तो पुढल्या वर्षीच्या मे महिन्यापर्यंत चालला, आणि मुले पुन्हा गावोगाव निघाली. युद्धात ब्रिटनमधील साडेसात हजारांच्या वर मुले बाँबहल्ल्यांत मेली. ही पाठवणी झाली नसती तर हा आकडा कितीतरी वाढला असता, यात शंका नाही. म्हणून ‘मुले पाठवायलाच नको होती’ असे आम्ही म्हणणार नाही. जी आई मुलाला परत घेऊन आली तिला मूर्ख म्हणण्याचा अधिकार मात्र आपल्याला पोचत नाही. तिला एक गोष्ट कळली होती, ती शास्त्रज्ञांना पुढे कळली.

काही मुले समुद्रापलीकडे पाठविण्याचीही योजना होती. जून १९४० मध्ये त्यासाठी सरकारी मंडळ स्थापन झाले आणि सुमारे २,६०० मुले कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व दक्षिण आफ्रिका येथे पोचती झाली. परंतु १७ सप्टेंबर १९४० च्या रात्री अटलांटिक महासागरात ‘सिटी ऑफ बनारस’ ही बोट जर्मन पाणबुडीने बुडविली. तिच्यावर या योजनेतील ९० मुले होती. त्यांतील ७७ गेली. बोटीचे नाव आपल्या काशीचे, आणि तिच्यावरील खलाशांत हिंदी माणसांचा फार मोठा भरणा होता. त्यांतलेही पुष्कळ बुडाले. एक होडी आठ दिवस समुद्रावर भरकटत राहिली. तीत सहा मुले, त्यांची देखभाल करणारी मेरी कॉर्निश नावाची बाई आणि बहुसंख्य हिंदी खलाशी होते. ही बाई मुलांचे गारठलेले पाय चोळी आणि रोज एका गोष्टीचा पुढचा भाग रचून सांगे. ती सहाही मुले जगली. या दुर्घटनेनंतर सागरापारची ती योजना थांबली.

शास्त्रज्ञांना काय कळले ते आता सांगतो. डिसेंबर १९३९ मध्येच जॉन बोल्बी, डोनल्ड विनिकॉट आणि इमॅन्युएल मिलर या तिघा डॉक्टरांनी ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात पत्र लिहून बजावले होते की, दोन ते पाच वर्षांच्या मुलांना आईपासून तोडणे धोक्याचे आहे. केंब्रिजला आलेल्या मुलांची सुझन आयझॅक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहणी केली. तिचे वैशिष्ट्य असे की, तिच्यात मुलांनाच विचारले: तुम्हांला येथे काय आवडते, आणि कशाची उणीव भासते? मुलांनी निबंध लिहिले. घरची माणसे नाहीत ही उणीव त्यांत ठळक होती, आणि भावंडे एकत्र वा जवळपास ठेवली तर मूल त्या घरात टिकते, असे दिसून आले. एवढी साधी गोष्ट. पण ती पहिल्या संध्याकाळी त्या सभागृहात कोणी विचारात घेतली नव्हती.

लंडनच्या हॅम्पस्टेड भागात ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी युद्धकाळात बालगृहे चालविली. तेथील एका तीन वर्षांच्या मुलाची हकीकत त्यांनी नोंदवून ठेवली आहे. आई सोडून जाताना म्हणाली, रडलास तर मी भेटायला येणार नाही. मुलगा रडला नाही. तो येणाऱ्या-जाणाऱ्याला एवढेच सांगे की, माझी आई येईल, मला कोट घालील, टोपी घालील आणि घरी नेईल. हे तो इतक्या वेळा म्हणू लागला की कोणीतरी त्याला म्हणाले, पुरे आता. तेव्हा तो बोलायचा थांबला, आणि कोट घालण्याची, टोपी चढविण्याची नुसती हातवाऱ्यांनी खूण करू लागला. पुढे तेवढेही उरले नाही. इतर मुले खेळत असताना तो कोपऱ्यात उभा राही, बोटे जराशी हलत, ओठ हलत. श्रोतेहो, या मुलाच्या अंगावर ओरखडा नव्हता. तो वेळच्या वेळी जेवत होता, ऊबदार बिछान्यावर निजत होता.

या दोघी विदुषींनी निष्कर्ष काढला तो असा, की आईच्या कुशीत राहून बाँबचे आवाज ऐकणारे मूल जितके हादरते, त्याहून आईपासून तुटलेले मूल अधिक हादरते. मग त्यांनी आपल्या बालगृहाची घडी बदलली. आयांना वाटेल तेव्हा येण्याची मोकळीक दिली. चार-पाच मुलांमागे एक बाई नेमून छोटी ‘कुटुंबे’ पाडली. मुले सुधारू लागली. तेथे काम केलेले जेम्स रॉबर्टसन पुढे बोल्बींचे सहकारी झाले. त्यांनी १९५२ साली इस्पितळात एकट्या ठेवलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर चित्रपट काढला. त्या काळी इंग्लंडच्या इस्पितळांत आईला लहान मुलाजवळ राहू देत नसत. या चित्रपटाने वाद माजला, आणि १९५९ च्या सरकारी अहवालाने आईला मुलाजवळ राहू द्यावे अशी शिफारस केली. आजारी मुलाच्या उशाशी आज जी आई बसते, तिच्यावर त्या कोपऱ्यातल्या मुलाचे ऋण आहे.

पाठवणी एकच असली तरी तिचे फळ किती निराळे येऊ शकते, याचे उदाहरण एकाच माणसाच्या आयुष्यात सापडते. प्रख्यात नट मायकेल केन त्या वेळी सहा वर्षांचा होता. पहिल्या यजमान घरात त्याला जिन्याखालच्या कपाटात कोंडून ठेवीत. आईने येऊन त्याला सोडविले. दुसऱ्यांदा तो नॉर्फकमधील एका खेड्यात गेला, आणि तेथले दिवस सुखाचे होते असे तो सांगतो. फरक कशाचा? दुसऱ्या वेळी आई बरोबर होती. त्याच गावातल्या एका मोठ्या घरी ती स्वयंपाकीण म्हणून राहिली होती.

आता आम्ही आपल्याला कोल्हापूरकडे नेणार आहोत. १ सप्टेंबर १९३९ ला जर्मन सैन्य पोलंडमध्ये शिरले, हे मघाशी सांगितले. १७ तारखेला पूर्वेकडून सोव्हिएत सैन्य शिरले. पुढील दोन वर्षांत पूर्व पोलंडमधील लाखो माणसे सैबेरियात आणि कझाकस्तानात नेण्यात आली. तेथे बाप गेले, भावंडे गेली, उपासमार झाली. १९४१ साली जर्मनीने रशियावर चाल केल्यावर या लोकांना मोकळे करण्यात आले, आणि १९४२ साली जनरल अँडर्स यांच्या सैन्याबरोबर एक लाखावर माणसे इराणात उतरली. त्यांत हजारो मुले होती. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे पोरक्या मुलांना आसरा दिला. आणि १९४३ पासून कोल्हापूर-मिरज लोहमार्गालगत वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश लोकांची वसाहत उभी राहिली. त्यांत बहुतेक बायका आणि मुले होती.

या मुलांनी जे भोगले त्याच्याशी लंडनच्या मुलांच्या दुःखाची तुलना करणे बरे नव्हे. तुलना करावयाची ती वळिवड्याच्या व्यवस्थेची. तेथे मुलांना घरोघर वाटले नाही. आया मुलांसह बराकींत राहिल्या. पोलिश भाषेच्या शाळा निघाल्या, चर्च झाले, दवाखाना झाला, बालवीरांची पथके झाली, नाटके झाली. ज्यांना आई उरली नव्हती त्यांच्याभोवती निदान आपली भाषा बोलणारी बाई तरी होती. भाषेचे हे मोल फिनलंडच्या उदाहरणावरून कळेल. तेथील सुमारे ७० हजार मुले युद्धकाळात स्वीडनला पाठविण्यात आली. परतल्यावर कित्येकांना आईशी बोलता येईना, कारण ती आपली भाषा विसरली होती. आणि हजारो मुले परतलीच नाहीत. वळिवड्याच्या मुलांना १९४८ पर्यंत जगाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांत जावे लागले, कारण त्यांची गावे आता पोलंडमध्ये उरली नव्हती. पण ती जेथे गेली तेथे पोलिश म्हणूनच गेली. त्यांनी आपली संघटना बांधली, आठवणींचा ग्रंथ सिद्ध केला, आणि म्हातारपणी ती कोल्हापूर पाहायला आली. आज वॉर्सा शहरात या वसाहतीचे स्मारक आहे. आणि त्या रिकाम्या झालेल्या बराकींत कोण आले? फाळणीत घर गमावलेले सिंधी बांधव. त्या जागेचे आजचे नाव गांधीनगर. तेथे कापड घ्यायला जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असते?

सभ्य गृहस्थहो, ही जुनी कहाणी आज सांगण्याचे कारण ती जुनी राहिलेली नाही. २०२२ पासून युक्रेनमधील लक्षावधी मुलांनी घर सोडले आहे. मे २०२५ मध्ये आपल्याच सीमेवरील गावे रिकामी करून लोकांना निवाऱ्यात न्यावे लागले. महापूर, भूकंप यांतही मुले हलवावी लागतात. तेव्हा अधिकारी गाड्या मोजतील, खोल्या मोजतील. त्यांनी त्या मोजल्याच पाहिजेत. पण तीन गोष्टी त्यांच्या यादीत आपण लिहावयाला लावल्या पाहिजेत. लहान मूल शक्यतो आईसह किंवा जवळच्या माणसासह हलवावे. भावंडांचे हात सोडवू नयेत, आणि एका शाळेची मुले एकत्र, आपल्या शिक्षकाजवळ, आपल्या भाषेत राहू द्यावी. आणि कोठे चाललो, कशासाठी, परत कधी, हे मुलाला खरे सांगावे व त्याचे म्हणणे विचारावे. १९८९ च्या बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराने मुलाला आईबापांपासून विनाकारण न तोडण्याचे आणि त्याचे मत ऐकण्याचे तत्त्व मान्य केले आहे. भारतानेही तो करार स्वीकारला आहे.

मोठ्या माणसाचे घर दगडमातीचे असते. ते पडले तर तो दुसरे बांधतो. लहान मुलाचे घर दोन-चार माणसांचे बनलेले असते, आणि ती माणसे बरोबर आली तर घर कोठेही नेता येते. संकटकाळी मुलांना हलविताना त्यांचे हे घरही त्यांच्याबरोबर हलवावे, एवढीच आमची विनंती आहे.